दारामागची तिरपी रेघ

फोन आला तेव्हा शाळेत मधली सुट्टी होती. खिचडीच्या रांगेत पोरांची ढकलाढकली चाललेली आणि मी रांगेवर लक्ष ठेवून उभी... "बाई, कौसाबाई गेल्या," शांताकाकूचा आवाज आला. कौसाबाई म्हणजे माझी आत्या, आणि शांताकाकू तिची धाकटी जाऊ. डोणगावात दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. सकाळी चहाचं आधण ठेवून आत्या जराशी खाटेवर टेकली, ती उठलीच नाही. असं काही कानावर आलं की माणूस काय विचारतं? कधी, कसं, जवळ कोण होतं. मी विचारलं, "काकू, तारीख कधी हाय?" ती हळूच म्हणाली, "बारा दिवसांनी. पण बाई, आता त्या तारखेचं काय?"

त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते. पण लपवून तरी काय करू? आत्या गेल्याचं दुःख मागून आलं, आधी आली ती भीती. बुलढाण्याच्या कामगार कार्यालयात एक अर्ज चालू होता. त्याचं नाव 'कौसल्याबाई व इतर दहा'. या अकरा बायका एका दालमिलमध्ये डाळ निवडायच्या आणि त्यांना सरकारनं ठरवून दिलेल्या दरापेक्षा फार कमी मजुरी मिळायची, असं त्या अर्जात होतं. त्यातली जी कौसल्याबाई, सगळ्यांच्या पुढं उभी राहणारी, तीच गेली होती. आणि या प्रकरणात माझ्या हातून झालेली एक चूक तिनं स्वतःच्या अंगावर घेतली होती. ती चूक आता मिटवायची कशी, हा एकच विचार डोक्यात होता. पोरं खिचडी खात होती. मी मुख्याध्यापकांना सांगून निघाले आणि डोणगावच्या बसमध्ये बसल्यावर मग रडले.

काळजी करणं हा आमच्या घराण्यातला माझा हुद्दा आहे, आणि तो मला आत्यानंच बहाल केला होता. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून आठवीला बाबांनी मला तिच्याकडे ठेवलं. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेलेला. ती रोज सकाळी डबा बांधून मिलवर जायची. मी शाळेतून आले की उंबऱ्यात बसून तिची वाट बघायची, आणि तिला पाच मिनिटं उशीर झाला तरी मला नाही नाही ते दिसायला लागायचं. मशीनमध्ये पदर अडकला असेल, रस्त्यात ट्रकनं उडवलं असेल... ती यायची ती भुवयांवर तुरीची पिवळट धूळ घेऊन. अंगणातच लुगडं झटकायची, हातपाय धुवायची, आणि माझा चेहरा बघून हसायची. "काऊन वं उजू, मेली नाई मी अजून," असं म्हणायची. मग घरात येऊन कोनाड्यातला कोळशाचा तुकडा घ्यायची, दार लोटायची आणि दाराच्या आतल्या बाजूला एक रेघ ओढायची. आधी रेघ, मग चहा. हा क्रम मी एकदाही चुकलेला पाहिला नाही.

त्या रेघा दोन तऱ्हेच्या होत्या, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. उभी रेघ म्हणजे त्या दिवशी ती स्वतः कामावर गेली होती. तिरपी रेघ म्हणजे तिच्या नावावर दुसरीच कुणी गेली होती. मिलमध्ये ठरावीक बायकांचीच नावं हजेरीच्या वहीत असत. एखादी दोन-तीन दिवस आली नाही की तिचं नाव कापलं जाई आणि तिच्या जागी दुसरी घेतली जाई. म्हणून ताप आला, कुणाकडे मयत झालं, बँकेत रांगेला जायचं असलं की घरातली दुसरी बाई त्या दिवशी कामावर जाई. मुकादम "कौसल्या" म्हणून पुकारी आणि शांताकाकू मान खाली घालून "हाव" म्हणे. याला त्या बायका 'नाव राखणं' म्हणत. मुकादमाला ठाऊक होतं, मुनीमजीला ठाऊक होतं, पण डाळ निवडून होत होती म्हणून सगळे कानाडोळा करत. मजुरी मिळाली की आत्या दारामागच्या तिरप्या रेघा मोजून शांताकाकूच्या दिवसांचे पैसे तिच्या हातात ठेवायची. मला तेव्हा हे सगळं फार साधं वाटे. शेगावला डी.एड. करताना वसतिगृहातल्या मुलींना मी हे गंमत म्हणून सांगायची, आणि आत्यानं डब्यातून आणलेली डाळीची चुरी आम्ही भाजून खायचो.

मग मला नोकरी लागली, मेहकरला घर झालं आणि माझ्यात एक खोड शिरली. चारचौघांत कमीपणा वाटायची खोड. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चौदा एप्रिलच्या आधी आमच्या सगळ्या वस्तीत घरं रंगवायला काढतात. वर्षभर पोपडे धरून बसलेल्या भिंतीही त्या आठवड्यात उजळ होतात. त्या जयंतीला माझ्या शाळेतल्या दोन शिक्षिका मिरवणूक बघायला डोणगावला येणार होत्या आणि आत्याकडेच जेवणार होत्या. मी निळ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन आदल्या रविवारी गेले. आत्या मिलवर; मिलची सुट्टी बाजाराच्या दिवशी असे. घरात शिरल्यावर पहिलं काय दिसलं, तर ते कोळशानं काळंकुट्ट झालेलं दार. जुन्या रेघा ती दरवर्षी ओल्या फडक्यानं पुसायची, तरी त्यांची काजळी राहायचीच. मैत्रिणी काय म्हणतील, हाच विचार मनात होता. मी ते दार आतून-बाहेरून घासलं आणि दोन हात दिले. संध्याकाळी आत्या आली, लुगडं झटकलं, हात धुतले, कोनाड्यातला कोळसा घेतला आणि दार लोटलं. तशीच उभी राहिली. मग एक बोट रंगाला लावून बघितलं, ते निळं झालं. "चांगलं दिसते वं," ती म्हणाली आणि कोळसा परत कोनाड्यात ठेवला. मी खूश. तिच्या तोंडावर काय आलं-गेलं ते बघायचं मला सुचलंसुद्धा नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मेहकरला कायद्याच्या माहितीचं एक शिबीर झालं. मीच तिला आणि तिच्याबरोबरच्या बायकांना बोलावलं, कारण आम्हा शिक्षकांना माणसं जमवायचं काम दिलेलं होतं. तिथं एका वकीलबाईंनी किमान वेतनाचे दर वाचून दाखवले. आत्या शेवटच्या रांगेत होती. तिनं हात वर केला. "हे डाळ निवडणारीले बी लागू हाय का?" वकीलबाई म्हणाल्या, "आहे ना, मावशी." आत्यानं मागं वळून माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसता हिशेब होता... वीस वर्षांचा. मला मात्र पुढचं सगळं दिसायला लागलं. मालक कामावरून काढेल, माणसं पाठवेल, गावात बोलणी होतील. "आत्या, तू काही करू नको," असं मी परतताना तिला तीनदा सांगितलं. ती बसच्या खिडकीबाहेर बघत होती.

तिनं आधी मुनीमजीला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "बाई, रजिस्टर पाहा, सरकारी दरानंच देऊन राह्यलो." कागदावर खोटं नव्हतं ते, तीच तर हुशारी होती. हातात पडणाऱ्या पैशाला सरकारी दरानं भागायचं आणि जेवढे दिवस येतील तेवढेच पक्क्या रजिस्टरात दाखवायचे. सव्वीस दिवस राबलेली बाई कागदावर चौदाच दिवस आलेली असे, आणि त्या चौदा दिवसांपुढं बायकांनी मुनीमजीवर विश्वास ठेवून सह्या केलेल्या. रोज नावं पुकारायची ती लाल कापडाची वही वेगळीच असायची, ती आतल्या कपाटात. वकीलबाईंनी अर्ज लिहायला घेतला तेव्हा हे सगळं उघड झालं. तेव्हाच्या नियमानं सहा महिन्यांच्या आतलंच मागता येत होतं, त्यामागचं मागायचं तर उशिराचं कारण पटवून द्यावं लागे. वीस वर्षांतले सहा महिने! आणि ते सहा महिनेही दिवसांवर अडलेले. "तुम्ही इतके दिवस कामाला गेलात, याचं काही लिहून ठेवलंय का कुणी?" वकीलबाईंनी विचारलं. त्याच क्षणी मला ते दार आठवलं. आत्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. ती शांतपणे म्हणाली, "नाई बाई. काई नाई."

पुढचं वर्ष-सव्वा वर्ष माझा जीव टांगणीला लागलेला होता. अकराही जणींना मिलनं "उद्यापासून येऊ नका" सांगितलं. त्या दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाऊ लागल्या. तारखेमागून तारखा पडत होत्या. दर तारखेला मेहकरहून बुलढाण्याची बस, भाकरीची फडकी, आणि त्यांच्या मध्ये उगाच फायली सांभाळत बसलेली मी. एका बाईचा नवरा घरी येऊन आत्याला वाटेल ते बोलून गेला. तिच्या नादी लागून बायकोचं काम गेलं म्हणाला. आत्यानं त्याला बसायला सतरंजी टाकली आणि चहा दिला. त्या रात्री झोपली नाही, असं शांताकाकूनं मला सांगितलं. म्हणजे भीती तिलाही होतीच. ती मला दाखवायची नाही, एवढाच फरक.

तिच्या साक्षीचा दिवस मला नको तितका लख्ख आठवतो. वकीलबाईंनी बजावलं होतं की विचारतील तेवढंच बोलायचं, हो किंवा नाही. मिलच्या वकिलांनी सुरुवातीलाच विचारलं, "महिन्याला सव्वीस दिवस म्हणता. ते सगळे दिवस तुम्ही स्वतः गेला होतात?" मी मागच्या बाकावर. मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हण आत्या, हो म्हण... "नाई," ती म्हणाली. "माह्या नावावर सव्वीस. त्यातले बावीस माहे, चार शांतेचे." वकिलांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमच्या नावानं भलतीच बाई हजेरी देत होती. म्हणजे हजेरीच खोटी!" आत्यानं त्यांच्याकडे जरा नवलानं बघितलं. "खोटी कशी होईन साहेब? डाळ तं निवडली ना तिनं." माझ्या शेजारी बसलेली शांताकाकू पदर तोंडात धरून बसली. तिचं नाव कुठल्याही वहीत नव्हतं, अर्जातही नव्हतं. तिचे चार दिवस आत्यानं आपल्या नावाखाली गिळून टाकले असते तर कुणाला कळलंही नसतं.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी मग स्वतः विचारलं, "बावीस आणि चार, हे एवढं नक्की कशावरून सांगता?" आत्यानं दारामागच्या रेघांचं सांगितलं, उभी कोणती आणि तिरपी कोणती तेही. ते लिहून घेत होते. "आहेत का त्या रेघा अजून?" "नाई. दार रंगवलं." "कोणी रंगवलं?" ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. वळली नाही. "मीनंच रंगवलं साहेब, जयंतीले." मिलचे वकील मोठ्यानं म्हणाले, "वा, स्वतःचा पुरावा स्वतःच रंगवला!" एकदोघं हसले. मी खाली मान घालून बसून राहिले. उठून उभं राहायला हवं होतं, आणि मी बसून राहिले. हे वाक्य मी या लेखातून दोनदा काढलं आणि दोनदा परत घातलं.

परतीच्या बसमध्ये मी तिला विचारलं, "आत्या, काऊन खोटं बोलली?" ती म्हणाली, "शांतेचे दिवस माहे म्हणली असती तं ते खोटं. हे कायचं खोटं? तू रंगवलं काय न् मी रंगवलं काय, दार तं निळं झालंच. तू नोकरीवाली बाई. तुह्यं नाव कायले पायजे त्या कागदावर?" चिखली गेलं तरी मी बोलत नाही हे बघून तिनं मला कोपरानं ढोसलं. "उजू, येवढी काळजी करतं, तुले पगार भेटते काय वं त्याचा? भेटत नसन तं तुहाबी अर्ज टाकून देऊ." बसमधल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. आमची नीट भेट झाली ती हीच शेवटची.

आत्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, आणि मी त्या खोलीत एकटीच बसले होते. दार लोटलेलं होतं, निळंभोर, एकही डाग नसलेलं. मला वाटत आलं होतं की माझ्या रंगाखाली अर्जातल्या सहांपैकी तीन महिन्यांच्या रेघा गेल्या, पण त्यानंतर तिनं पुन्हा मारायला घेतल्या असतील, कुठं भिंतीवर, कुठं खाटेमागं. शांताकाकू आत आली तेव्हा तिला विचारलं, तर ती म्हणाली, "नाई बाई. त्या रंगानंतर एकबी रेघ मारली नाई तिनं. मी म्हणलं काऊन, तं म्हणे उजूनं हौसेनं रंगवलं, कोयशाचे डाग पडतीन." म्हणजे अर्जातले सहाच्या सहा महिने माझ्यामुळे गेले होते. मागचे रंगाखाली, पुढचे माझ्या हौसेखातर. मला इतका राग आला, आत्याचा आणि माझा... की मी दारावर मूठ आपटली. मग काकूनं मला जवळ घेतलं.

वकीलबाई म्हणाल्या, अर्ज काही बुडत नाही, आणि नोंदी ठेवायची जबाबदारी मालकाची, बायकांची नव्हे. "पण मॅडम, त्या रेघा वर्षानुवर्षं बघितलेलं, अर्जाबाहेरचं आणि त्या मजुरीत वाटा नसलेलं माणूस तुम्हीच आहात. साक्ष द्याल?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "दार कोणी रंगवलं ते नक्की विचारतील." तारखेपर्यंत रोज रात्री मी याच्यावर तळमळले. खरं सांगितलं तर गेलेली आत्या खोटी ठरते, आणि तिचा एक शब्द खोटा ठरला की बाकीचे कोण मानणार? त्यात दहाजणींचं नुकसान. खरं नाही सांगितलं तर शपथ घेऊन मी खोटी. आणि नोकरीची धास्ती होतीच, ती कशी नाकारू. रजेच्या अर्जावर कारण लिहिताना पेन अडलं. 'घरगुती काम' लिहिलं, ते खोडलं, 'साक्ष देण्यासाठी' लिहिलं. मुख्याध्यापकांनी वाचलं आणि सही केली.

मागच्या आठवड्यात ती तारीख झाली. शिपायानं पुकारलं, "कौसल्याबाई व इतर दहा!" दहाजणी उठल्या. पहिल्या नावाला कुणीच काही बोललं नाही. तेवढी एक पोकळी तिथं राहिली, आणि ती मला सहन होईना. "हाव," मी म्हणाले. शांताकाकूनं माझ्याकडे चमकून बघितलं. साक्षीत मी रेघांचं सगळं सांगितलं, आठवीत असल्यापासूनचं. मग तो प्रश्न आला. "दार मी रंगवलं," मी म्हणाले. "म्हणजे मयत अर्जदार शपथेवर खोटं बोलल्या?" "हो," मी म्हणाले. "तेवढं एकच. माझं नाव कागदावर येऊ नये म्हणून. स्वतःचा फायदा होईल असं ती एकही खोटं बोलली नाही, ते चार दिवस तुमच्यापुढंच तिनं सोडले." अधिकारी बराच वेळ लिहीत होते. शेवटी त्यांनी मिलच्या वकिलांना सांगितलं, रोज पुकारायची ती लाल वही पुढच्या तारखेला हजर करा; नाही केलीत तर का केली नाही, हेही आम्ही विचारात घेऊ. निकाल अजून लागलेला नाही. माझ्या साक्षीनं भलं झालं की घात झाला, मला खरंच ठाऊक नाही. रोज पहाटे जाग येते ती याच विचारानं.

त्या दिवशी मी मेहकरला न उतरता सरळ डोणगावला गेले. काकूकडे किल्ली होती. अंगणात मी साडी झटकली, तिच्यावर कसली धूळ नव्हती तरी. हातपाय धुतले. काकू चहा ठेवायला गेली आणि मी दार लोटून त्याच्यासमोर उभी राहिले. पर्समध्ये खडूचा तुकडा होता, शिक्षकाच्या पर्समध्ये असतोच. त्या दिवशी मी तिचं नाव राखायला गेले होते, म्हणून मी दारावर एक रेघ ओढली. तिरपी. काकू कप घेऊन आली, रेघेकडे बघत राहिली. मग कप खाली ठेवून तिनं कोनाड्यात हात घातला.

"खडू पुसून जाईन बाई," ती म्हणाली, आणि कोळसा माझ्यापुढं धरला.